खेळतंय तर शिकतंय कधी? बालवाडीबद्दल पालक सारखे विचारतात ते प्रश्न

ॲडमिशनच्या दिवसात आणि मग जून-जुलैत गेटपाशी जे प्रश्न रोज येतात ते इथे एकत्र करून टाकलेत. आमची बालवाडी आणि पाळणाघर सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आहे, दीड ते सहा वर्षांची पोरं येतात. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत उरकलीत, पाहिजे तेवढं वाचा.

पोरगं दिवसभर नुसतं खेळतंय, मग शिकतंय कधी?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजोबांचा असतो. खेळातनंच शिकतात असं म्हटलं की सगळे मान डोलावतात पण पटलेलं नसतं, म्हणून एकच खेळ जवळनं सांगते.

पाण्याचा टब. त्यात आम्ही टाकतो नरसाळं, चहाची गाळणी, सरबताच्या रिकाम्या बाटल्या, एक दांडीचा मग आणि दोन-तीन मापं. साडेतीन वर्षांचं एक पोर गाळणीनं बाटली भरायला बघतं. भरत नाही. परत करतं, परत भरत नाही. मध्ये एकदा आमच्याकडे बघतं, आम्ही काहीच सांगत नाही. मग ते गाळणीखाली तळहात धरतं, पाणी हातावर घेतं, हात बाटलीच्या तोंडापाशी नेतं, निम्मं सांडतं पण चार थेंब आत जातात आणि तेवढ्यावर स्वारी खूश. शेजारची पोरगी नरसाळं वापरतेय हे त्याला बऱ्याच वेळानं दिसतं, आणि मग ते मागायचं कसं, ओढायचं का थांबायचं, हा आणखी एक धडा सुरू होतो. भोकातनं पाणी जातं, अरुंद तोंडात ओतायला हात स्थिर लागतो, मोठ्या बाटलीत जास्त मावतं, "झालं की मला दे" म्हटलं तर मिळतं, एवढं सगळं त्या वीस मिनिटांत झालं, आणि आजोबांना गेटवरनं दिसलं काय तर पोरगं पाण्यात खेळतंय.

टबाच्या आत आम्ही रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. पावसाळ्यात मोठी पोरं टब भरताना एकमेकांना विचारतात "आयर्विनला किती फूट झालं?" (आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात.) कुणीतरी म्हणतं चाळीस, इशारा! मग एकेक मग पाणी ओतत पंचेचाळीस, धोका! झालं की सगळी ओरडत मागं सरकतात. हे आकडे आम्ही शिकवलेले नाहीत, सांगलीत जुलै-ऑगस्टला घरोघरी दुसरा विषयच नसतो. पण ओतलं की पातळी वर जाते आणि वरच्या पट्टीचा आकडा मोठा, हे मोजमाप त्यांनी हातानं केलेलं असतं. तेच मी फळ्यावर कमी-जास्त लिहून घेतलं असतं तर पोरं माझ्यामागनं म्हणाली असती आणि डबा खाईपर्यंत विसरली असती.

ताई काय करतात मग? आम्ही बघितलं तेव्हा त्या नुसत्या बसलेल्या.

बसलेल्या असतात हे खरंय, आणि बसायलाच सांगितलंय. पोरांच्या उंचीला बसल्याशिवाय त्यांचं काय चाललंय ते दिसत नाही ओ.

खरं काम पोरं यायच्या आधी होतं. कुठल्या कोपऱ्यात काय मांडायचं, किती मांडायचं, काल कशात रमली होती त्याला आज काय जोडायचं. परवा पोरं सगळं सामान या टोकापासून त्या टोकाला नुसती वाहून नेत होती, पिशवीत भरायची, तिकडं ओतायची, परत भरायची. याला पसारा म्हणून ओरडता येतं, किंवा दुसऱ्या दिवशी पिशव्या, टोपल्या आणि एक दोरी बांधलेलं खोकं देता येतं. आम्ही खोकं दिलं. त्यात आधी चिंचोके गेले, मग ठोकळे, मग एक पोर बसलं आणि ओढेना म्हणून चौघांनी मिळून ओढलं.

मग बघणं, आणि बघितलेलं लिहून ठेवणं. प्रत्येक ताईकडे एक छोटी डायरी असते, त्यात "हुशार आहे", "चंचल आहे" असलं काही लिहायचं नाही, काय केलं आणि काय बोललं तेवढंच लिहायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे तोंड बंद ठेवणं. पोरानं काहीतरी रंगवलं की आपल्या तोंडातनं लगेच निघतं "अरे वा, हत्ती का हा?" तो हत्ती नसतो. मग पोर म्हणतं हो हत्ती, आणि पुढच्या वेळेपासून आपल्याला आवडेल ते काढायला लागतं. त्यापेक्षा "इथं केवढे गोल गोल काढलेस" म्हटलं तर ते पोर स्वतःच सांगतं की ही आज्जीची बांगडी आणि हे त्यातलं दुसरं बांगडीचं बाळ.

मोकळं सोडलं की आपोआप खेळ होतो असंही नाही हं. नुसतं सोडून दिलेल्या खोलीत अर्ध्या तासात मारामारी होते. गोष्ट, गाणी, गोलात बसून गप्पा हे ताईच घेतात, पण पंधरा-वीस मिनिटं, त्याच्यावर तीन-चार वर्षांचं पोर बसत नाही आणि बसवूही नये.

दिवस कसा असतो?

क्रम ठरलेला असतो, मिनिटं नाही. आल्यावर चपला-दप्तर आपापल्या जागी, मग मोठा मोकळा खेळ, सलग तासभर तरी, कारण तुकडे केले की खेळात जीव येतच नाही. मग हात धुणं, डबा, अंगण, गोष्ट, गाणी. पाळणाघरातली पोरं दुपारी झोपतात. पुढं काय होणार हे माहीत असलं की लहान पोर निवांत असतं, म्हणून डबा आज आधी आणि उद्या नंतर असं आम्ही करत नाही.

वहीत काहीच का नाही? लिहायला कधी शिकवणार?

इथं जरा सविस्तर सांगते कारण निम्मी भांडणं याच्यावरनं होतात.

पेन्सिल धरायला बोटं लागतात हे सगळ्यांना दिसतं, पण बोटं चालायला खांदा, कोपर, मनगट आधी पक्कं लागतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, तीन वर्षांच्या पोरात ती सगळी तयार झालेली नसतात, बरीचशी अजून मऊ कूर्चाच असते. त्या हातात पेन्सिल दिली की पोर ती मुठीत धरतं, दाबून लिहितं, हात दुखतो, आणि मग "लिहायचा कंटाळा करतं ओ" अशी तक्रार आमच्याकडेच येते.

रेघांचाही क्रम असतो. साधारण दोन वर्षांचं पोर उभी रेघ बघून काढतं, मग आडवी, तीनच्या आसपास गोल, चारच्या आसपास फुली, मग चौकोन, आणि त्रिकोण पाचच्या आसपास. थोडं मागंपुढं होतं, घाबरायचं कारण नाही. आता आपलं अ अक्षर बघा, त्यात वळण, आडवी, उभी, वर शिरोरेषा, एवढं सगळं एकात, ते साडेतीन वर्षांच्या पोराकडनं पानभर गिरवून घ्यायचं म्हणजे कठीणच.

मग आम्ही काय करतो? कणीक मळायला देतो, शाडू देतो, ओलं फडकं पिळायला देतो, भिंतीवर पाण्यानं मोठा ब्रश मारायला देतो (याच्यात खांदा चालतो), ताटात रांगोळी पसरून बोटानं रेघा, चिमटीनं चिंचोके उचलून बाटलीत टाकणं, कागद फाडणं, मग कात्री. मटार सोलायच्या दिवसात पोरं मटार सोलतात आणि निम्मे खातात. हे सगळं लेखनच आहे, फक्त वहीत दिसत नाही. आणि हे माझ्या मनचं नाही, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यात तीन ते सहा वयाला ठरावीक पाठ्यपुस्तक नकोच असं स्पष्ट म्हटलंय.

मोठ्या गटात ज्यांना स्वतःचं नाव लिहावंसं वाटतं ते लिहितात. नाही वाटत ते नाही लिहीत. पहिलीत गेल्यावर शिकतात.

शेजारचं पोर शंभरपर्यंत आकडे म्हणतं, आमचं दहाला अडखळतंय.

शेजारच्या पोराला सांगा चार वाट्या आण. आकडे म्हणणं हे गाणं म्हटल्यासारखं असतं, छान आहे, म्हणू दे, पण मोजणं वेगळं. एका वस्तूवर एकच आकडा पडला पाहिजे, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे कळलं पाहिजे. पुष्कळ पोरं पाच ठोकळे बरोबर मोजतात आणि "मग किती?" विचारलं की परत एकपासून सुरू करतात, म्हणजे ते अजून आलेलं नाही. ते येतं रोज ताटल्या मांडून. आज किती जण आलेत, तेवढ्या ताटल्या, एक कमी पडली, कोण राहिलं? एवढं रोज केलं की दहापर्यंत पक्कं होतं.

पुढं इंग्लिश मीडियमला घालायचंय, तुम्ही मराठीत का बोलता?

घाला की, आमची काही ना नाही. पण ज्या भाषेत पोर रडतं, भांडतं, स्वप्न सांगतं त्या भाषेत आधी भरपूर बोलू दे. एका भाषेत नीट गोष्ट सांगता येणारं पोर दुसरी भाषा पण पटकन उचलतं. आमच्याकडे कन्नड बोलणारी पोरं येतात, मार्केट यार्डाकडच्या काही घरातनं गुजराती-मारवाडी बोलणारी येतात, ती आपापसात काहीबाही मिसळून बोलतात आणि त्यांचं सगळं चालतं. इंग्लिश गाणी आम्ही म्हणतो. "वॉटर हवं का तुला" असली खिचडी मात्र बोलत नाही.

दुसऱ्यांशी खेळतच नाही, शेजारी बसून एकटंच खेळतं.

दोन-अडीच वर्षांत असंच असतं. मिल्ड्रेड पार्टन या बाईंनी १९३२ मध्ये नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण करून हे टप्पे मांडलेत: आधी एकट्यानं, मग दुसऱ्याचं नुसतं बघत बसणं, मग शेजारी बसून तसाच पण आपापला खेळ, आणि मिळून खेळणं त्याच्यानंतर. ते बघत बसणारं पोर पण कामात असतं, त्याला हात धरून "जा खेळ जा" करू नका. पण कुणाकडेच बघत नसेल, हाकेला वळत नसेल, शब्द येत नसतील किंवा आलेले गेले असतील तर ते वेगळं, आणि त्यासाठी मोठं होईपर्यंत थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

पहिले काही दिवस लई रडतं, काय करू?

रडू द्या, पण एकटं नाही. सुरुवातीला आई, बाबा किंवा आज्जी कुणीतरी आत बसायचं, मग थोडा वेळ बाहेर जायचं, मग जास्त. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे.

एक गोष्ट हात जोडून सांगते, गपचूप सटकू नका. आज्ज्या हे सगळ्यात जास्त करतात, पोर खेळात रमलं की मागच्या मागं पसार. त्या दिवशी कमी रडतं खरं, पण दुसऱ्या दिवसापासून खेळायलाच बसत नाही, सारखं दाराकडे बघतं, कारण नजर हटली की माणूस जातं असं त्याला कळलेलं असतं. त्यापेक्षा सांगा, "डबा झाला, गोष्ट झाली की मी येते", आणि तेव्हाच या. आईची ओढणी, जुना टॉवेल काय पाहिजे ते बरोबर द्या, आम्ही हसत नाही.

चावलं! कुणी चावलं ते सांगा.

ते सांगणार नाही. उद्या तुमचं चावेल तेव्हाही कुणाला सांगणार नाही.

दीड ते तीन वर्षांत चावणं बऱ्याच पोरांत होतं, शब्द कमी आणि राग जास्त, दात येत असतात, दमलेलं असतं, किंवा खेळणं एकच असतं. म्हणून लहान गटात आम्ही आवडती वस्तू एकसारख्या दोन-तीन ठेवतो. चावल्यावर आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं, साबणपाण्यानं धुवायचं, रक्त आलं असेल तर लगेच फोन. चावणाऱ्याला थोडक्यात आणि ठामपणे "दुखतं, चावायचं नाही". परत चावून दाखवणं, तोंडावर मारणं हे घरी करत असाल तर बंद करा.

खेळात मारामारी, पूर, मरणं-बिरणं चालतं हे बरोबर आहे का?

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आमच्याकडे बरेच दिवस एकच खेळ होता. बाकडं उलटं करून बोट, दोघं बचाववाले काका, बाकीची गच्चीवर, आणि एक पोर न चुकता म्हणायचं "आधी म्हशीला घ्या". काही पालकांना वाटलं विषय बदलावा. आम्ही बदलला नाही. जे अंगावर आलं ते पोर खेळून खेळून आपल्या ताब्यात घेतं, मोठी माणसं जसं तेच तेच सांगत बसतात तसं. आम्ही फक्त दोरी गळ्याभोवती जात नाही ना आणि कुणी खरोखर घाबरलेलं नाही ना एवढं बघत होतो. हळूहळू बोटीत भाजी विकायला लागली, मग खेळ संपला.

मुलगा भातुकली खेळतो, चालतं का?

चालतं. मुलगी ट्रक चालवते, ते पण चालतं.

रोज कपड्यांची वाट लागते ओ.

जुने घालून पाठवा, एक जोड पिशवीत जादा, नाव घालून. पांढरं काही नको. काळ्या मातीचा डाग काय असतो ते सांगलीकरांना मी वेगळं सांगायला नको.

डब्यात काय द्यायचं?

भाजी-पोळी, उपमा, थालीपीठ, घरात जे असेल ते. पण गिळताना अडकणाऱ्या गोष्टी सांभाळा. आपल्याकडे जानेवारी ते मार्च-एप्रिल प्रत्येक डब्यात द्राक्षं असतात, ती अख्खी देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या पोराला द्राक्ष उभं चिरून द्यायचं, दोन भाग तरी, चार केले तर उत्तम, आडवं चिरलं तर तो गोल तुकडा तसाच घशात बसू शकतो. अख्खे शेंगदाणे नकोत, म्हणजे भडंग पण नको, कितीही आवडत असलं तरी, कारण त्यातले शेंगदाणे पोर आधी वेचून खातं. शेंगदाण्याचं कूट चालतं. बेदाणे मोठ्या गटाला ठीक, लहान गटाला बारीक करून. खाताना सगळी खाली बसलेली असतात, पळत खाणं बंद.

मोबाईल किती वेळ दाखवला तर चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय ते असं: दोन वर्षांच्या आत नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर चांगलंच. तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसाला तीन तास हालचाल लागते, त्यातला एक तास तरी दम लागेल अशी, आणि झोप दहा ते तेरा तास. बाकी जेवताना मोबाईल लावून घास भरवायची सवय मोडायला आम्हाला इथं महिना-महिना लागतो, एवढं सांगते.

ग्रुपवर रोज फोटो का टाकत नाही? दुसऱ्या ठिकाणी टाकतात.

फोन वर केला की खेळ थांबतो, पोरं पोझ देतात. आणि दुसऱ्याच्या पोराचा फोटो पन्नास फोनवर जावा असं मला वाटत नाही. महिन्यातनं एकदा समोरासमोर बसू, डायरीतलं वाचून दाखवू.

अंगणवाडीत आणि तुमच्यात फरक काय?

अंगणवाडी सरकारी आहे, फुकट आहे, एकात्मिक बालविकास योजनेतनं २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे, तिथं आहार, लसीकरण, वजन-उंची हे पण होतं. तुमच्या जवळची अंगणवाडी चांगली चालत असेल तर खुशाल तिथं घाला, मी मनापासून सांगते. खेळातनं शिकवणं ही काय महागड्या नर्सरीची मक्तेदारी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, पुढं कोसबाडला, तेव्हा शिंपले, बिया, पानं, दगड हेच साधन होतं. आमच्या कपाटातलं निम्मं सामान तसलंच आहे.

बालवाडी निवडताना काय बघायचं?

भिंतीवरची कार्टून बघू नका. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वयाला वीस पोरांमागं एक मोठं माणूस आणि तीनच्या आत दहामागं एक, असं म्हटलंय. तीस पोरांसाठी ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर बाहेरची जागा. हे किमान झालं, आणि माझ्या मते लहान गटाला दहा पण जास्तच होतात. बाकी संडासात पाणी आहे का, खेळणी पोरांच्या हाताला येतात का शोकेसमध्ये आहेत, आणि ताई पोरांशी बोलतात का पोरांवर ओरडतात, हे दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

पहिलीला वय किती लागतं?

महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा पूर्ण. नर्सरीला तीन. पोर हुशार आहे म्हणून लवकर ढकलायची घाई करू नका, वर्गातलं सगळ्यात लहान पोर असणं सोपं नसतं.

घरी काय करून घेऊ?

करून घेऊ नका, बरोबर घ्या. धुतलेल्या कपड्यातले मोजे जोडणं, लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, डब्यांना झाकणं लावणं. वेळ दुप्पट लागतो, रविवारी करा. रोज एक गोष्ट, तीच तीच मागितली तरी तीच सांगा.

एकदा बघायला येऊ का?

या, फोन करून सकाळी या. खुर्ची मिळणार नाही, चटईवर बसायचं. मोबाईल बाहेर ठेवायचा. कुणीतरी रिकाम्या कपात चहा आणून देईल, तो प्यायचा, साखर कमी आहे म्हटलं तर परत घेऊन येतात. शनिवारी येऊ नका, त्या दिवशी आम्ही सगळी खेळणी धुऊन वाळत घालतो.